लघुप्रबंधाची पूर्वतयारी : चौल परिसरातील बोलींच्या आधारे



भाषाविज्ञानाचा लघुप्रबंध लिहावयाचा म्हटले की बहुतेक विद्यार्थी प्रथम ग्रंथालयाकडे वळतात. ग्रंथ लागतातच, परंतु या विषयाची मूळ सामग्री माणसांच्या तोंडी असते आणि पुष्कळदा ती आपल्याच घरात असते. प्रस्तुत घटकात रायगड जिल्ह्यातील चौल परिसराचे उदाहरण घेऊन लघुप्रबंधाच्या पायऱ्या पाहू.

१. विषयाकडून प्रश्नाकडे

चौलजवळ, कुंडलिका खाडीच्या पलीकडे, कोर्लई हे गाव आहे. तेथील ख्रिस्ती समाज पोर्तुगीज भाषेपासून घडलेली एक क्रिओल बोली बोलतो. भिन्न भाषिक समाजांच्या संपर्कातून जन्मलेली आणि पुढे मातृभाषा झालेली बोली म्हणजे क्रिओल. बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज सत्ता गेली. बोली मात्र टिकली. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचा तिच्यावरील ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पोर्तुगीज वाक्यात क्रियापद सामान्यतः कर्माच्या आधी येते; कोर्लईच्या बोलीत ते मराठीप्रमाणे कर्मानंतर येऊ लागले. ‘कोर्लईची बोली’ हा विषय झाला. ‘तिच्या वाक्यात क्रियापदाचे स्थान का बदलले?’ हा प्रश्न झाला. लघुप्रबंधाला प्रश्न लागतो.

‘चौलची आगरी बोली : एक अभ्यास’ हे शीर्षक म्हणूनच फार व्यापक ठरते. आगरीत ‘डोळा’चा ‘डोला’ आणि ‘घोडा’चा ‘घोरा’ होतो, हे आपण ऐकलेले असते. त्यातील एकच वैशिष्ट्य घ्यावे : ‘तीन पिढ्यांच्या बोलण्यात ‘ळ’च्या जागी ‘ल’ येण्याचे प्रमाण बदलते आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ही येऊ शकते आणि ‘नाही’ही. ज्याचे उत्तर आधीच ठरलेले आहे, तो संशोधनाचा प्रश्न नव्हे.

२. सामग्रीचे संकलन

प्रत्येक पिढीतील चार, असे बारा निवेदक या पातळीवर पुरेसे आहेत. ध्वनिमुद्रणापूर्वी त्यांना हेतू सांगून संमती घ्यावी. प्रबंधात नावांऐवजी संकेतांक वापरावेत. छापील शब्दयादी वाचावयास देऊ नये. ‘डोळा’ असे लिहिलेले समोर आले की वाचणारा शाळेतला उच्चार करतो. त्याऐवजी चित्र दाखवून ‘याला काय म्हणता?’ असे विचारावे. त्यानंतर सुपारीच्या वाडीतील काम, भाताची लावणी किंवा दत्तजयंतीची जत्रा यांविषयी मोकळेपणाने बोलू द्यावे. निवेदक सांगण्यात रमला की यंत्राचा विसर पडतो आणि घरचे बोलणे सुरू होते. चित्रांवरील उत्तरे व मोकळे निवेदन यांची नोंद वेगवेगळी ठेवावी; त्यांतील तफावत हीदेखील सामग्रीच आहे.

३. विश्लेषण

‘ळ’ अपेक्षित असलेले प्रत्येक स्थळ मोजून तक्ता करावा. समजा, आजीच्या बोलण्यातील ४० स्थळांपैकी ३६ ठिकाणी आणि नातवाच्या ४० पैकी १४ ठिकाणी ‘ल’ आढळला, तर फरक नोंदवावा. पण ‘तरुण पिढी आगरी विसरली’ असा निष्कर्ष घाईने काढू नये. नातू शिक्षणासाठी अलिबागला जातो काय, गावातच राहू इच्छितो काय, हेही पाहावे. विल्यम लबॉव्ह यांनी अमेरिकेतील मार्थाज व्हिनयार्ड बेटावर ६९ व्यक्तींचे उच्चार तपासले, तेव्हा बेटाविषयीची आपुलकी उच्चारांत उमटते असे त्यांना दिसले. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेले ते संशोधन मुळात त्यांच्या एम. ए.च्या प्रबंधासाठी केलेले होते.

बारा जणांवरून सर्व चौलविषयी विधान करू नये. ‘अभ्यासलेल्या निवेदकांपुरते’ ही मर्यादा स्पष्ट लिहिल्याने प्रबंधाची विश्वासार्हता वाढते.

४. अभ्यासकाची दृष्टी

‘आमचं बोलणं अशुद्ध, ते काय लिहून घेता?’ असे निवेदक म्हणतील. आगरी घरातून आलेल्या विद्यार्थ्याच्याही मनात ही शंका असते आणि तो निवेदकाचे वाक्य लिप्यंतर करताना नकळत ‘सुधारतो’. येथे प्रबंधाचा पायाच ढासळतो. ‘डोला’, ‘काला’, ‘फल’ या उच्चारांमागे नियम आहे. नियमाने चालणाऱ्या रूपाला भाषाविज्ञान चूक म्हणत नाही. प्रबंधाचे निवेदन प्रमाण मराठीत असावे, उदाहरणे मात्र ऐकली तशीच द्यावीत. आपल्या आजीचे वाक्य जसेच्या तसे उतरवून त्यातील नियम दाखविणे, ही या लघुप्रबंधाची खरी कसोटी आहे.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील बोलीचे एक उच्चारवैशिष्ट्य निवडा. त्यावर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर संभवेल असा एक प्रश्न तयार करा आणि तो तपासण्यासाठी दहा चित्रांची यादी लिहा.