जीव नळीत आहे

आमच्या तळघरात भिंतीला सेंट्रल व्हॅक्यूमचा एक उभा डबा टांगला आहे. वर मोटर, खाली केराची बादली. त्यातून निघालेली पांढरी नळी लाकडी तुळयांच्या पोटातून भिंतीत शिरते आणि वरच्या दोन्ही मजल्यांवर जाते. खोलीत दिसतं ते स्विचबोर्डाएवढं झाकण. ते उघडून होज लावला की मोटर खाली घुमते, वर फक्त हवेची सूं सूं ऐकू येते. मुलाला दमा. साधा व्हॅक्यूम खोलीतली हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडतो, इथे ती थेट घराबाहेर काढता येते. मला तेवढं कारण पुरलं.

कल्पना जुनी आहे. आमच्याच न्यू जर्सीतले डेव्हिड केनी यांनी 1902च्या सुमारास पिट्सबर्गच्या फ्रिक बिल्डिंगमध्ये अशी यंत्रणा बसवली, 1907मध्ये पेटंटही मिळवलं. पेशानं ते प्लंबर, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. दुकानात सगळे मोटरच्या ओढीचे, एअरवॅटचे आकडे सांगतात. ते बघावेतच, पण मोटर उद्या बदलता येते, भिंतीत बुजलेली नळी नाही.

म्हणून बसवणाऱ्याचे हात बघा. आमच्याकडे आलेल्या कारागिरानं दोन इंची नळी कापली की कडेचा बुरा चाकूनं खरवडून काढला, बोट फिरवून पाहिलं. सोल्युशन त्यानं नळीला बाहेरून लावलं, जोडाच्या आत कधीच नाही. जोडात लावलं तर नळी सरकताना ते पुढे ढकललं जातं, आत कंगोरा धरतो आणि त्यालाच केस, दोरे गुंततात. बेंड सगळे लांब वळणाचे. फक्त झाकणामागे मुद्दाम आखूड एल्बो: तिथून जे वळलं ते पुढे सहसा अडत नाही आणि अडलंच तर हाताशी अडतं. गेल्या महिन्यात मुलाचा मोजा तिथेच सापडला, दोन बोटांनी ओढून काढला.

झाकणांच्या जागा आम्ही सुतळीनं ठरवल्या. होजच्या मापाची तीस फूट सुतळी घेऊन सोफ्याला वळसा घालत, दारांतून, प्रत्येक कोपऱ्यापर्यंत गेलो. नकाशावर पोचणारी जागा दोनदा चुकली. उघड्या दारामागे येणारी एक जागाही खोडली.

पुण्यात धाकटा भाऊ घर बांधतोय, त्यालाही हे हवंय. इथल्या भिंती पोकळ, तिथल्या विटांच्या. चार इंची भिंतीत दोन इंची नळीसाठी झिरी मारली तर भिंतीत उरतं काय? त्याला म्हटलं, नळी डक्टमधून वर ने, फॉल्स सीलिंगमधून फिरव, कपाटाच्या कोपऱ्यातून खाली उतरव. आणि प्लास्टरवाला येण्याआधी मला नकाशा पाठव. काल रात्री त्याचा फोन आला, सुतळी किती फुटांची घेऊ म्हणून.