पिकलबॉल : 'किचन', 'डिंक' आणि 'झीरो-झीरो-टू'

पिकलबॉल मोबाईलवर बहुतेकांनी पाहिला आहे. पण प्रत्यक्ष मैदानावर 'किचन', 'डिंक', 'झीरो-झीरो-टू' असे शब्द कानावर पडले की नवखा माणूस बिचकतो. पन्नाशीच्या ताई तर कडेला बसून राहतात. खरे तर खेळ सोपा आहे. शब्द कळले की पायही आपोआप जागेवर पडतात आणि दुखापत टळते.

हा खेळ 1965 साली अमेरिकेत सिएटलजवळच्या बेटावर सुरू झाला. पहिल्या काही बॅटी घरीच प्लायवूड कापून केल्या होत्या. या बॅटीला 'पॅडल' म्हणतात. भारतात हा खेळ मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी आणला. चेंडू प्लास्टिकचा, भोकाभोकांचा असतो, म्हणून तो टेनिसच्या चेंडूपेक्षा हळू येतो. मैदान 44 फूट लांब, 20 फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या डबल्सएवढेच. धर्मापुरीत एखाद्या सपाट, टणक पटांगणावर चुन्याने आखले तरी काम भागते. नेट कडेला 36 इंच आणि मधोमध 34 इंच उंच असते.

नेटच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा म्हणजे 'किचन'. तिथे पाय ठेवायचाच नाही, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. टप्पा पडलेला चेंडू मारायला किचनमध्ये खुशाल जावे. टप्पा पडण्याआधीच हवेत मारलेल्या फटक्याला 'व्हॉली' म्हणतात. तो मात्र किचनमध्ये उभे राहून मारता येत नाही. बाहेरून मारला आणि तोल जाऊन पाय आत पडला, तरी चूकच. चुकीला 'फॉल्ट' म्हणतात. या नियमामुळे नेटला चिकटून कोणी समोरच्याच्या तोंडावर चेंडू हाणू शकत नाही. (या किचनच्या दारात पुरुषांनाही ताटकळत उभे राहावे लागते, हे आमच्या ताईंना फार आवडेल.)

'डिंक'चा आपल्या डिंकाच्या लाडवांशी संबंध नाही. किचनच्या रेषेजवळून हलकेच मारलेला, समोरच्याच्या किचनमध्ये पडणारा फटका म्हणजे डिंक. त्याला ताकद लागत नाही, नजर आणि धीर लागतो. वयस्कांनी आधी हाच शिकावा. उलट 'लॉब' म्हणजे डोक्यावरून मागे टाकलेला उंच चेंडू. तो पकडायला तोंड पुढे ठेवून उलटे पळू नका. तसे पळताना माणूस मागे पडतो आणि मनगट किंवा खुबा मोडतो. आधी वळा, मग पळा. जमत नसेल तर तो गुण सोडून द्या.

सर्व्हिस तिरप्या चौकोनात, कमरेखालून करायची आणि चेंडू किचनच्या पलीकडे पडला पाहिजे. सर्व्हिसचा एक टप्पा, परतीचा एक टप्पा पडू द्यायचा, त्यानंतरच व्हॉली. याला 'टू-बाउन्स' नियम म्हणतात.

आता आकडे. नेहमीच्या पद्धतीत सर्व्हिस करणाऱ्या जोडीलाच गुण मिळतो. सर्व्हिसपूर्वी तीन आकडे बोलतात : आपले गुण, समोरच्यांचे गुण आणि सर्व्हिस करणारा पहिला की दुसरा. 'चार-दोन-एक' म्हणजे आपले चार, त्यांचे दोन, पहिला खेळाडू. तो हरला की 'चार-दोन-दोन'. तोही हरला की 'साइड आउट'. सर्व्हिस समोर जाते आणि ते 'दोन-चार-एक' म्हणतात. डावाच्या सुरुवातीला मात्र पहिल्या जोडीला एकच संधी असते, म्हणून 'झीरो-झीरो-टू'. अकरा गुणांचा डाव, पण दोनची आघाडी हवी.

दुसऱ्या मैदानावरचा चेंडू आत आला की 'बॉल' असे ओरडून खेळ थांबवा. चेंडूवर पाय पडून घोटा मुरगळतो. जोडीदाराशी टक्कर होऊ नये म्हणून 'माझा', 'तुझा' असे मोठ्याने म्हणा. हे शब्द मराठीतच बरे.

चपलेवर खेळू नका. पकड असलेले बूट हवेत. आधी दहा मिनिटे चालून पोटऱ्या, खांदे मोकळे करा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच खेळा, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेणाऱ्यांनी खिशात थोडी साखर ठेवावी आणि खेळून आल्यावर तळपाय पाहावेत. छातीत दुखले, दम लागला किंवा गरगरले, तर आकडा काहीही असो, पॅडल खाली ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा.