कर्जत-खालापूर परिसरातील शालेय फुटबॉल : भूमी, ऋतू आणि मैदान

एखाद्या प्रदेशात कोणता खेळ रुजतो आणि कोणता रुजत नाही, हा प्रश्न वरवर पाहता आवडीनिवडीचा वाटतो. एका गावाला कबड्डीचा नाद, दुसऱ्याला कुस्तीचा, तिसऱ्याला फुटबॉलचा, एवढे म्हणून सामान्यतः विषय संपविला जातो. परंतु आवड ही हवेत तयार होत नाही. ती जमिनीच्या उतारावर, पावसाच्या मानावर, पिकांच्या क्रमावर, शाळेच्या वेळापत्रकावर आणि घरच्या मिळकतीवर अवलंबून असते. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांत शालेय फुटबॉलची जी स्थिती आहे, तिचा विचार या दृष्टीने केल्यास ती केवळ क्रीडाविषयक राहत नाही. सार्वजनिक भूमीच्या वाटपाचा आणि शिक्षणातील समानतेचा प्रश्न तीत गुंतलेला दिसतो.

१. प्रदेश

खालापूर हा पूर्वी कर्जत तालुक्याचाच पेटा होता. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले असून उल्हास, पेज आणि पाताळगंगा या नद्यांची खोरी हीच येथील सपाट भूमी होय. एका बाजूस बोरघाटाची भिंत, दुसऱ्या बाजूस माथेरानचा डोंगर, आणि मध्ये भातशेतीचे पट्टे अशी स्थूल रचना आहे. वार्षिक पर्जन्यमान तीन हजार मिलिमीटरहून अधिक असून त्यातील जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो.

हा प्रदेश एकाकी मात्र कधीच नव्हता. रेल्वे खोपोलीपर्यंत १८५६ साली आली आणि बोरघाटातून लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. खोपोली व भिवपुरी येथील टाटांची जलविद्युत् केंद्रे विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागातील आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातूनच जातो. कर्जत हे मुंबईपासून रेल्वेने शंभर किलोमीटरवर आहे. ज्या मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ साली सुरू झाली, ती या प्रदेशापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहे. तेव्हा ‘हा खेळ येथे पोहोचलाच नाही’ हे स्पष्टीकरण टिकत नाही. खेळ पोहोचला, तो स्थिरावला का नाही, हा खरा प्रश्न आहे.

२. मैदानाचे गणित

या प्रश्नाचे पहिले उत्तर क्षेत्रफळात सापडते. पूर्ण आकाराचे फुटबॉलचे मैदान सामान्यतः १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद धरले जाते. त्याचे क्षेत्रफळ ७,१४० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७१ गुंठे किंवा पावणेदोन एकर होते. पुरुषांच्या कबड्डीचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते; म्हणजे ते १३० चौरस मीटरांचे, सव्वा गुंठ्याच्या आसपास. एका फुटबॉल मैदानात कबड्डीची सुमारे ५५ क्रीडांगणे मावतील.

देशावरील एखाद्या गावी पावणेदोन एकरांचा माळ मिळणे ही मोठी गोष्ट नसते. कर्जत-खालापुरात ती मोठी गोष्ट आहे. येथे जमिनीचे व्यवहारतः दोन वर्ग पडतात. जी सपाट आहे ती भाताची खाचरे. जी उताराची आहे ती वरकस, जिच्यावर नाचणी-वरी होते किंवा गवत राखले जाते. सपाट, कोरडी आणि कोणत्याही पिकाची नसलेली अशी तिसरी जमीन क्वचितच आढळते. जी थोडी होती, ती गावठाणाची वाढ, रस्ते, कारखाने आणि अलीकडच्या काळातील बंगल्यांचे प्रकल्प यांनी पुष्कळ अंशी व्यापली.

भात निघाल्यावर खाचरे मोकळी होतात, हे खरे. परंतु खाचर बांधांनी वेढलेले असते आणि उतारामुळे शेजारचे खाचर वीतभर तरी खाली किंवा वर असते. एका खाचरात कबड्डीचे क्रीडांगण उत्तम आखता येते. टेनिसच्या चेंडूचे क्रिकेटही बांधाला सीमारेषा मानून खेळता येते, आणि हिवाळ्यात गावोगाव त्याचे सामने भरतात. फुटबॉलचा चेंडू मात्र बांध मानीत नाही. शिवाय मोकळे झालेले खाचर दीर्घकाळ मोकळे राहतेच असेही नाही. जमिनीतील ओलीवर वाल टाकण्याची पद्धत या भागात जुनी आहे. कर्जत तालुक्यात तर भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर राजनाल्याच्या लाभक्षेत्रात उन्हाळी भातही होते. ज्या पाण्याने शेतकऱ्याच्या घरी दुसरे पीक आले, त्याच पाण्याने मुलांचे हंगामी मैदान आखडले. यात दोष कोणाचाच नाही; परंतु परिणाम नोंदला पाहिजे.

३. ऋतू आणि वेळापत्रक

पाऊस हा फुटबॉलचा शत्रू होय, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. कोलकात्याचा साखळी फुटबॉल पावसाळ्यातच बहरला आणि मुंबईतील जुनी हार्वुड लीगही पावसाळी खेळ म्हणूनच ओळखली जाई. अडचण पावसाची नसून निचऱ्याची आहे. मुरूम घालून उतार दिलेले मैदान मुसळधार पावसातही तासाभरात पायाखाली घट्ट होते; खाचरातील चिकण माती मात्र पाणी धरून ठेवण्यासाठीच पिढ्यान्पिढ्या तयार केलेली असते. भाताला जी माती वरदान, तीच खेळाला अडसर.

यात शालेय क्रीडास्पर्धांच्या कालक्रमाची भर पडते. चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील वयोगटांच्या स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी होतात आणि त्यांच्या खालच्या पायऱ्या पावसाळ्यात व त्याच्या शेवटी येतात. म्हणजे पूर्वतयारीचे महिने जून ते ऑगस्ट. याच महिन्यांत मैदान पाण्याखाली असते आणि घरी लावणीची घाई असते.

काथोडी, म्हणजेच कातकरी, समाजातील मुलांच्या बाबतीत ही विसंगती अधिक तीव्र होते. या समाजातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडाशी वाडीवर परततात. अनेकदा मुलेही बरोबर जातात. परिणाम असा की, पावसाळ्यात मूल असते तेव्हा मैदान नसते, आणि हिवाळ्यात मैदान असते तेव्हा मूल नसते. क्रीडानैपुण्याचा शोध घेणाऱ्या कोणत्याही योजनेने प्रथम या एका वाक्याचा विचार केला पाहिजे. ज्या मुलांना डोंगर चढण्या-उतरण्याची सवय बालपणापासून आहे, ज्यांचा दमसास शहरातील मुलांना हेवा वाटावा असा असतो, तीच मुले निवडीच्या दिवशी हजेरीपटावर नसतात.

या चक्रातून बाहेर पडण्याचा एक मार्ग आश्रमशाळांनी दाखविला आहे. पेण येथील आदिवासी विकास प्रकल्पाच्या अखत्यारीतील पाथरज, भालिवडी यांसारख्या निवासी शाळांतून ठाकूर व कातकरी मुले वर्षभर एका ठिकाणी राहतात. संध्याकाळी एस. टी. गाठण्याची घाई त्यांना नसते. नियमित सरावाची पहिली अट, म्हणजे रोज त्याच वेळी तीच मुले एकत्र येणे, येथे आपोआप पुरी होते. शालेय फुटबॉलला या भागात पाया मिळावयाचा असेल, तर तो अशाच शाळांतून मिळण्याचा संभव अधिक.

४. कबड्डीचे स्थान

कबड्डी किंवा जुन्या वळणाने हुतुतू, हा केवळ स्वस्त म्हणून टिकला असे म्हणणे अन्यायाचे होईल. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली त्याचे नियम छापून प्रसिद्ध केले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन येथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, त्यांत तो होता. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत त्याला पदकाचे स्थान मिळाले. आणि २०१४ पासून व्यावसायिक साखळी स्पर्धेने त्याला प्रेक्षकवर्ग व पैसा दोन्ही दिले. रायगडातील गावात कबड्डीचा संघ म्हणजे गावाचे नाव असते. खेळ थांबविलेला वडीलधारा माणूस पुढच्या पिढीचा शिक्षक होतो. वेगळा प्रशिक्षक नेमावा लागत नाही.

फुटबॉलला नेमका हाच वारसा येथे नाही. कोल्हापूरशी तुलना केल्यास हे स्पष्ट होते. कोल्हापुरात फुटबॉल शाळेत नव्हे, पेठेत वाढला. कुस्तीसाठी निघालेल्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावे आजही तालमींची आणि संघांची एकच आहेत. संस्थानी राजाश्रयाने मैदान दिले, तालमीने संघटना दिली, पेठेच्या अभिमानाने प्रेक्षक दिले. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघात खेळलेला अनिकेत जाधव हा त्या शहराचा. त्याचे शिक्षण पुढे राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाले हे खरे. पण मूल प्रबोधिनीपर्यंत पोहोचण्यापूर्वी कोणीतरी त्याला खेळताना पाहिलेले असावे लागते, आणि ते पाहणे पेठेतच घडते.

त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने शाळाशाळांतून एकाच दिवशी लक्षावधी मुलांना फुटबॉल खेळविण्याचा उपक्रम केला. असे उपक्रम कुतूहल निर्माण करतात. परंतु कुतूहल एका दिवसाचे असते आणि मैदान वर्षाचे लागते.

५. आजची विषमता

गेल्या काही वर्षांत एक नवा भेद उत्पन्न झाला आहे. कृत्रिम हिरवळीची, जाळीने वेढलेली, तासावर भाड्याने मिळणारी छोटी मैदाने शहरांबरोबर तालुक्यांच्या गावीही दिसू लागली. मोठे शुल्क घेणाऱ्या निवासी शाळांना स्वतःची मैदाने असतात. म्हणजे फुटबॉल या भागात येत आहे. परंतु तो भाड्याच्या तासावर आणि शुल्काच्या पावतीवर येत आहे. जो खेळ जगभर गल्लीबोळांतील गरीब मुलांचा म्हणून ओळखला जातो, तो येथे ऐपतीचा खेळ ठरण्याचा धोका आहे. मुलींच्या बाबतीत तर गावच्या उघड्या मैदानाचा अभाव अधिकच जाचक होतो. कारण घरापासून दूर, संध्याकाळनंतर, पैसे भरून खेळण्याची परवानगी त्यांना सहसा मिळत नाही.

शिक्षणहक्क कायद्याच्या २००९ च्या अनुसूचीत शाळेला खेळाचे मैदान असावे असे नमूद आहे; मात्र त्याचे क्षेत्रफळ तेथे सांगितलेले नाही. त्यामुळे इमारतीपुढील अंगणही मैदान म्हणून दाखविता येते. त्याच अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पटसंख्या शंभराहून अधिक असल्यास, आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक विहित आहे. वाड्यावस्त्यांवरील शाळांची पटसंख्या पाहता ही तरतूद त्यांना क्वचितच लागू पडते. जेथे गरज अधिक, तेथे कायदा मौन धरतो.

६. उपाय

वरील विवेचनावरून दोन गोष्टी सुचतात. पहिली अशी की, अकरा खेळाडूंचे पूर्ण मैदान हे आरंभस्थान मानण्याचे कारण नाही. खेळाच्या नियमांतच कुमारांसाठी खेळाडूंची संख्या, मैदानाचा आकार आणि सामन्याचा अवधी कमी करण्यास मुभा आहे, आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ साली सुरू केलेल्या बालकांच्या साखळी स्पर्धांची कल्पना याच तत्त्वावर उभी आहे. पाच-पाच खेळाडूंसाठी ३० मीटर लांब व २० मीटर रुंद जागा पुरते. ती सहा गुंठ्यांच्या आत बसते. उत्तम निचरा असलेली, मुरूम घातलेली सहा गुंठे जागा प्रत्येक केंद्रशाळेजवळ मिळणे अशक्य नाही.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. गुरचरण व गावठाणातील जी मोकळी जागा आज केवळ वहिवाटीने मुलांच्या ताब्यात आहे, तिची नोंद मैदान म्हणून झाली पाहिजे. वहिवाटीचे मैदान पहिल्या बांधकामाबरोबर नाहीसे होते. नोंदीचे मैदान निदान प्रश्न विचारण्याचा आधार देते. ज्या तालुक्यांतून जमिनीचे भाव वर्षागणिक चढत आहेत, तेथे हे काम पुढच्या पिढीवर सोपविता येणार नाही, कारण त्या वेळी नोंदण्याजोगे काही उरलेले नसेल.

कबड्डीच्या जागी फुटबॉल आणावा, असे यातून सुचवावयाचे नाही. कबड्डीने या भागाला जे दिले ते फुटबॉल देऊ शकणार नाही. परंतु मुलापुढे एकच खेळ असणे आणि अनेक खेळांतून त्याने एक निवडणे यांत महत्त्वाचा फरक आहे. पहिल्यास परिस्थिती म्हणतात, दुसऱ्यास आवड. कर्जत-खालापूरच्या मुलांची आवड कोणती, हे सांगण्याची संधी अजून त्यांना पुरतेपणी मिळालेली नाही.