पायमोज्यांची कथा

पागोट्याला मान मिळतो, अंगरख्याचे कौतुक होते. पायमोजा मात्र जोड्यात दडून राहतो. तरीही या उपेक्षित वस्त्राचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. ‘मोजा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. वस्तू मात्र पुरातन आहे.

इंग्लंडच्या उत्तर भागातील व्हिंडोलँडा येथे रोमन सैन्याची छावणी होती. तेथे लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली, सुमारे १९०० वर्षांपूर्वीची पत्रे सापडली. त्यांपैकी एका पत्रात, मोजे व वहाणा धाडल्या आहेत, असा मजकूर आहे. धाडणाऱ्याचे नाव आज उरलेले नाही. त्याची माया मात्र उरली आहे. इजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस या प्राचीन नगराच्या अवशेषांत तांबड्या लोकरीचे मोजे मिळाले. तेही १६०० वर्षांहून जुने आहेत. वहाणेचा पट्टा नीट बसावा म्हणून त्यांत अंगठ्यासाठी निराळी जागा ठेवलेली दिसते.

पुढे युरोपात सुयांवरील विणकाम रूढ झाले. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील अनेक गरीब कुटुंबे मोजे विणून पोट भरू लागली. १५८९ मध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. यंत्रामुळे गरिबांच्या तोंडचा घास जाईल, या भीतीने एलिझाबेथ राणीने त्याला सनद नाकारली, अशी आख्यायिका आहे. ली फ्रान्सला गेला. त्याच्या मृत्यूनंतर ते यंत्र पुन्हा इंग्लंडमध्ये आले.

कालांतराने याच यंत्रावर नॉटिंगहॅमच्या परिसरातील हजारो कारागिरांचा चरितार्थ चालू लागला. परंतु मजुरी घटली, बाजारात हलका माल आला आणि कारागिरांवर उपासमारीची पाळी आली. १८११ मध्ये त्यांनी रात्री यंत्रे फोडण्यास प्रारंभ केला. तेव्हा १८१२ मध्ये यंत्र फोडणाऱ्यास देहान्त शिक्षा देणारा कायदा सरकारने केला. कवी बायरन याने उमरावांच्या सभागृहात या कायद्यास विरोध केला. उपाशी माणसाला फास नव्हे, न्याय हवा, हे त्याच्या बोलण्याचे सार होते.

आज यंत्रे मोज्याची जोडी काही मिनिटांत विणतात. यंत्र स्वतः कोणाचा मित्र नाही आणि शत्रूही नाही. त्यापासून होणारा लाभ कष्ट करणाऱ्याच्या घरी पोहोचतो की नाही, हाच खरा प्रश्न आहे. पायातील साधा मोजा हा प्रश्न आजही मुकाट्याने विचारीत असतो.