कुलपाविना तुरुंग आणि नमस्कार घालणारा राजा

आटपाडीजवळ एक तुरुंग आहे आणि त्याला तुरुंगाची भिंत नाही. खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेली माणसं तिथे बायकापोरांसह राहतात, जमीन कसतात, भाजीपाला पिकवतात. पळून जायचं ठरवलं तर अडवणारं फारसं काही नाही, तरी ती सकाळी उठून रानात जातात. या वसाहतीचं नाव स्वतंत्रपूर. ती 1939 साली वसली, म्हणजे देश पारतंत्र्यात होता तेव्हा.

इथवरची गोष्ट माणदेशात बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण ज्या राजाने या वसाहतीला परवानगी दिली, त्याच राजाने सूर्यनमस्कार घराघरांत आणि पुढे सातासमुद्रापार पोचवले, हे दोन धागे एकत्र धरले की मी थक्क होतो. एक प्रयोग शरीराचा, दुसरा मनाचा, आणि दोन्ही एकाच चिमुकल्या संस्थानातले.

आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. या संस्थानाचा नकाशा म्हणजे नुसती ठिगळं: औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी दुष्काळी माणदेशात आणि गुणदाळ तर पार विजापूरकडे. सगळी मिळून 72 गावं. गादीवर होते भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, लोकांचे बाळासाहेब. जन्म 1868 चा, राज्य हाती आलं 1909 मध्ये. स्वतः चित्रकार आणि कलेचे संग्राहक. औंधच्या टेकडीवरचं संग्रहालय त्यांच्याच हौसेतून उभं राहिलं. पण चित्रांपेक्षाही त्यांना वेड होतं ते व्यायामाचं.

गंमत अशी की या वेडाची सुरुवात सूर्यनमस्कारांनी झालीच नाही. तरुणपणी ते युजेन सँडो या जर्मन बलवानाच्या पद्धतीने, त्याची पुस्तकं आणि साधनं आणवून, वर्षानुवर्षं मेहनत करत होते. पुढे मिरजेच्या संस्थानिकांनी सांगून पाहिलं म्हणून ते नमस्कारांकडे वळले आणि मग मागे फिरले नाहीत. त्यांनी नमस्कारांची शिस्त बसवली: कुठल्या स्थितीत श्वास घ्यायचा, कुठे सोडायचा, कुठला बीजमंत्र म्हणायचा, नजर कुठे ठेवायची. मग संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे केले. राणीसाहेबही घालत. लंडनमध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी राजांची पद्धत इंग्रजीत मांडली आणि 1938 साली ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ हे पुस्तक निघालं. म्हणजे तिथे स्थिती दहाच होत्या. आपण आज बारा मोजतो.

सूर्यनमस्कार फार प्राचीन आहेत असं आपण सहज म्हणतो. सूर्याला नमन करणं प्राचीन आहेच, आणि जोर-दंडही आखाड्यांत जुनेच. पण ‘हठप्रदीपिके’सारख्या हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत ही साखळी आसन म्हणून सापडत नाही. उलट त्याच ग्रंथावरची ब्रह्मानंदाची 19व्या शतकातली ‘ज्योत्स्ना’ टीका साधकाला फार सूर्यनमस्कार घालून शरीराला क्लेश देऊ नकोस, असं बजावते! ज्या व्यायामाकडे योगी संशयाने पाहत होते, तो जगभरच्या योगवर्गांत आज पहिला शिकवला जातो. त्यामागे म्हैसूरचे योगशिक्षक आहेत, तसे औंधचे हे राजेही आहेत.

आता या दहा-बारा स्थितींत शरीराच्या आत काय होतं ते पाहू. पाठीचा कणा पुढे वाकतो, मग मागे. सगळा भार तळहातांवर येतो. हे डोळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट गळ्यात घडते. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांच्या भिंतीत, जबड्याच्या कोनाखाली, रक्तदाब जोखणारे मज्जातंतू असतात. आपण खाली वाकलो की डोकं हृदयाच्या खाली जातं, तिथला दाब वाढतो, हे तंतू मेंदूला वर्दी देतात आणि हृदयाचे ठोके मंदावतात. उभे राहिलो की दाब घटतो, ठोके वाढतात, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळतात. अनेक दिवस अंथरुणात पडून राहिलेला माणूस उठला की त्याला भोवळ येते, कारण ही यंत्रणा सुस्तावलेली असते. नमस्कार घालणारा तिला दर अर्ध्या-एक मिनिटाला कामाला लावतो. त्यात श्वासाची भर. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. निरोगी माणसाच्या हृदयात हे आयुष्यभर चालू असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

आणि सूर्य? त्याचंही काम आहे. आपल्या डोळ्यांच्या पडद्यावर पाहण्याच्या पेशींखेरीज काही वेगळ्या पेशी असतात. त्या चित्र उमटवत नाहीत, फक्त किती उजेड आहे ते मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. त्यांचा शोध या शतकाच्या तोंडावर लागला. दृष्टी गेलेल्या काही माणसांतही त्या शाबूत असतात, म्हणून त्यांना दिसत नसलं तरी त्यांच्या शरीराला सकाळ झाल्याचं कळतं. सकाळी अंगणात घालवलेली दहा-पंधरा मिनिटं रात्रीच्या झोपेला उपयोगी पडतात ती अशी. सूर्याकडे टक लावायची मात्र अजिबात गरज नाही, आणि काचबिंदू, मणक्याचा त्रास किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. नमस्कारांनी जवळजवळ सगळे रोग हटतात, असा राजांचा सूर असे. तेवढा भाबडेपणा आपण त्यांच्यापाशीच राहू द्यावा.

व्यंकटेश माडगूळकर याच मुलखातले. त्यांच्या ‘बनगरवाडी’त मास्तर धनगरांकडून तालीम बांधून घेतो आणि उद्घाटनाला औंधचे राजे येतात. मेंढरांमागे दिवसभर फिरणाऱ्यांना तालीम कशाला हवी, हा प्रश्न वाचताना मनात येतोच. पण वाडीने मिळून काहीतरी उभं केलं, हे त्या तालमीचं खरं मोल असावं. इथून आपण दुसऱ्या प्रयोगाकडे येतो.

राजांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत इंग्लंडहून शिकून परतले होते. त्यांच्या ओळखीने औंधात एक अजब पाहुणा आला: मॉरिस फ्रीडमन, पोलंडचे ज्यू अभियंता, बंगळुरूच्या सरकारी वीजसाहित्य कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर असलेले आणि गांधीजी व रमण महर्षींच्या ओढीने भगवे कपडे घातलेले. गांधीजींच्या सल्ल्याने जानेवारी 1939 मध्ये राजांनी आपली सत्ता कायद्याने प्रजेच्या हाती दिली, गावपंचायतींना अधिकार दिले. त्या घडामोडींत फ्रीडमन होते, आणि कैद्यांना बेड्यांतून काढून जमिनीवर वसवण्याची कल्पनाही त्यांचीच. (याच फ्रीडमन यांनी पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत आणली. ‘आय अ‍ॅम दॅट’ हे 1973 चं पुस्तक ते. एका माणसाच्या आयुष्यात किती काय मावावं!)

कैद्याला जमिनीचा तुकडा दिला, कुटुंब जवळ दिलं, पहारा काढला तर त्याच्या मनाचं काय होतं? स्वतंत्रपुरात हे कोणी यंत्रं लावून मोजलं नाही. मोजमाप झालं ते फार दूर. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या दहा हजारांवर कर्मचाऱ्यांचा अभ्यास मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी 1985 पासून केला. त्यात दिसलं की आपलं काम कसं करायचं यावर ज्यांची काही सत्ता नाही, त्यांना हृदयविकार जास्त. म्हणजे साहेबाच्या डोक्याला ताप जास्त म्हणून त्याचं हृदय आधी थकतं, ही आपली समजूत उलटी निघाली. 1976 मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी काही वृद्धांना एकेक रोपटं दिलं आणि त्याची काळजी तुम्हीच घ्या, तुमच्या दिवसाचे निर्णय तुम्हीच घ्या, असं सांगितलं. दुसऱ्या गटाचीही रोपटी होती, पण पाणी कर्मचारी घालत. तीन आठवड्यांत पहिला गट जास्त प्रसन्न आणि हालता-बोलता दिसला. प्रयोग छोटा होता आणि पुढच्या आकडेमोडीवर शंकाही घेतल्या गेल्या. तरी सेवानिवृत्तीनंतर एकाएकी खचलेले वडील आणि परसातल्या दोन वाफ्यांनी सावरलेली आई आपल्या पाहण्यात असतेच.

या राजांचं मला पडलेलं कोडं वेगळंच आहे. ज्यांनी पोरांवर नमस्कारांची सक्ती केली, त्यांनीच खुन्यांच्या बेड्या काढल्या. सक्तीचं म्हणाल तर संस्थान 1948 मध्ये विलीन झालं आणि ती सुटली. आज जगात कुठेही कोणी नमस्कार घालत असेल तर औंधच्या हुकमाने नाही. स्वतंत्रपुराची कीर्ती मात्र पडद्यावरून पसरली. शेटफळ्यात जन्मलेल्या, याच मातीत वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून बेतलेली गोष्ट लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. बर्लिनच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालं. सहा कैदी, एक तुरुंगाधिकारी आणि ओसाड जमीन. अधिकाऱ्याच्या हातात काठी नाही, हेच त्या गोष्टीचं नाट्य.

वसाहत आज महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे. तिथे जागा मिळण्यासाठी कैद्याला आधी बंद तुरुंगात काही वर्षं काढून चांगली वर्तणूक सिद्ध करावी लागते. हे रास्तच आहे, खून झालेल्या माणसाच्या घरचेही कुठेतरी राहत असतात. पण आधी कैदी सुधारायचा आणि मग त्याच्यावर विश्वास टाकायचा, या क्रमाबद्दल माझ्या मनात शंका उरतेच. रोपटं आणि जन्मठेप यांत फरक आहे, कबूल. तरी त्या अमेरिकन वृद्धाश्रमात कुंडी हातात देण्याआधी कोणाची वर्तणूक तपासली नव्हती.