एक्स्प्लेनर : जुन्या फोर्डमध्ये दुसरं इंजिन, स्वस्त रेडिएटर चालेल का?

जुन्या गाडीत ताकदवान इंजिन बसवून केलेली गाडी म्हणजे 'हॉट रॉड'. अमेरिकेत यातली लाडकी जोडी कोणती? १९३२ची फोर्ड आणि शेव्हरोलेचं ३५० क्युबिक इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८. फोर्डचं मूळ व्ही-८ होतं ६५ हॉर्सपॉवरचं. नव्या इंजिनाची उष्णता कितीतरी जास्त, पण समोरची जाळी तीच, उंच आणि अरुंद.

स्वस्त रेडिएटर चालतो, पण नेमका हवा. दुकानात सगळे विचारतात, 'किती रो?' त्याआधी होजची तोंडं पाहा. फोर्डच्या जुन्या इंजिनाला दोन वॉटर पंप, म्हणून रेडिएटरला वर दोन, खाली दोन तोंडं. शेव्हरोलेला वर एक, खाली एक. त्यातही खालचं तोंड कोणत्या बाजूला, हे वॉटर पंपावर ठरतं. जुन्या रेडिएटरची तोंडं बदलत बसलात तर बचत तिथेच संपली!

दुसरं, झाकण. दर एक पीएसआय दाबामागे उत्कलनबिंदू साधारण दीड अंश सेल्सिअसने वाढतो. मात्र १९३२च्या रेडिएटरमध्ये दाबाची सोयच नव्हती. त्यावर १५ पीएसआयचं झाकण लावलं तर जुने सांधे गळू शकतात.

ब्रँडवर पैसे वाचवा, फॅनच्या श्राउडवर नको. श्राउड नसेल तर फॅन आपल्यासमोरच्या गोलाकार भागातूनच हवा ओढतो, कोपरे कोरडेच. गाडी हायवेवर थंड आणि सिग्नलला तापते? मग आधी फॅन-श्राउड तपासा, रेडिएटर नंतर.