पाच डॉलर आणि एक मृत्युपत्र

कुणाची वंशावळ शोधायची म्हटली की आपण बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या उघडतो. बापाचे नाव, आजोबांचे नाव, असे मागे मागे जाता येते. हॅरिएट टबमनच्या बाबतीत हा रस्ता पहिल्याच पावलाला अडतो. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, डॉर्चेस्टर काउंटीत ती गुलाम म्हणून जन्मली. पुढे सुमारे सत्तर जणांना तिने गुलामगिरीतून सोडवून नेले, ते आपल्यापैकी अनेकांनी वाचलेले असेल. मला आज तिच्या आईविषयी आणि आजीविषयी लिहायचे आहे.

१८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची यादी वेगळी होती. तिच्यात नाव मालकाचे असे. गुलामाच्या वाट्याला वय, लिंग आणि रंग असे रकाने. कृष्णवर्णीयांपैकी बहुतेकांची नावे जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७० साली. त्यामुळे आधीच्या पिढ्या शोधायच्या तर मालकांचे कागद उलगडावे लागतात: मृत्युपत्रे, खरेदीखते, कोर्टात दाखल झालेले हिशेब.

हॅरिएटचे जन्मसालच घ्या. मृत्यूच्या दाखल्यावर १८१५ आहे, थडग्यावर १८२०. पण तिच्या आईचा, म्हणजे रिटचा, मालक एडवर्ड ब्रोडेस तेव्हा सज्ञान नव्हता. त्याचे सावत्र वडील पालक म्हणून त्याचा जमाखर्च ठेवत. त्यात मार्च १८२२ मध्ये रिटच्या बाळंतपणासाठी सुईणीला दोन डॉलर दिल्याची नोंद आहे. ऑक्टोबर १८४९ च्या फरारी गुलामांच्या जाहिरातीत ‘मिंटी’चे वय सुमारे २७ दिले आहे. मिंटी म्हणजेच हॅरिएट. तिचे मूळ नाव अरमिंटा रॉस. दोन्ही कागद जुळतात. मुलाच्या मालमत्तेचा खर्च नीट लिहिला गेला म्हणून तिचा जन्म आपल्याला कळतो, ही गोष्ट मला वाचताना खुपली.

आईकडची साखळी आजीपाशी थांबते. तिचे नाव मॉडेस्टी. आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजातून ती आली, असे घरात सांगत.

हे सगळे अभ्यासकांनी अलीकडे शोधले खरे, पण पहिला शोध खुद्द हॅरिएटने घेतला होता. १८४५ च्या सुमारास तिने एका वकिलाला पाच डॉलर देऊन आईचे जुने कागद पाहायला सांगितले. लिहिता-वाचता न येणारी, कायद्याने स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता असलेली ही स्त्री! वकिलाने साठ वर्षे मागपर्यंत शोधले, काही मिळेना. आणखी मागे गेल्यावर अॅथो पॅटिसन याचे मृत्युपत्र सापडले. त्याने रिटला आपली नात मेरी हिच्या नावे केले होते, पण रिट आणि तिची मुले पंचेचाळीस वर्षांची होईपर्यंतच. त्यानंतर मोकळीक.

मेरी म्हणजे एडवर्ड ब्रोडेसची आई. तिच्या घरच्यांनी ही अट पाळली नाही. रिटला नऊ मुले झाली. त्यांपैकी लायना, मरायाह रिटी आणि सोफ या तीन मुली दूर दक्षिणेत विकल्या गेल्या. मृत्युपत्राप्रमाणे त्यांनाही मुदत होती. परक्या मुलुखातल्या खरेदीदाराला ती कोण सांगणार? हॅरिएटला आता कागदावर हक्क दिसत होता, पण गोऱ्या मालकाविरुद्ध तो बजावून घ्यायची सोय तिच्यापाशी नव्हती. १८४९ मध्ये ती पळाली.

तिचे वडील बेन रॉस मात्र १८४० साली, आपल्या मालकाच्या मृत्युपत्राप्रमाणे, खरोखरच मोकळे झाले होते. १८५५ मध्ये त्यांनी ब्रोडेसच्या विधवेला वीस डॉलर मोजून आपल्या बायकोला विकत घेतले. तेव्हा रिटची पंचेचाळिशी उलटून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. दोन वर्षांनी हॅरिएट परत आली आणि दोघा म्हाताऱ्यांना कॅनडात घेऊन गेली.